देवीला बढती, भक्ताला गावकूस

खराडीहून वाघोली-केसनंदच्या वाटेने पूर्वेला गेले की वाडेबोल्हाई लागते. बोल्हाईच्या भक्तांना बोकडाचे मटण वर्ज्य, मेंढीचे चालते. पुण्यातल्या खाटकांच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' ही पाटी त्यामुळेच लागते. ही देवी पोथीतून आलेली नाही. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांतून आलेली असावी.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातली अशी ठाणी पायी हिंडून तपासली आणि १९६२ साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात मांडली. शेंदूर फासलेला तांदळा ही आईची जुनी खूण. पुढे तिचे लग्न लागते, तिला पुराणातले नाव मिळते, पुजारी बदलतो. म्हसोबा एका गावी देवीचा नवरा असतो, तर दुसरीकडे महिषासुर होऊन तिच्याच पायाखाली येतो. देवींना अशी बढती मिळाली. प्रश्न असा, की त्यांना पुजणाऱ्यांना काय मिळाले?

मरीआई पाहा. ही पटकीची देवी. तिचे ठाणे बहुधा महारवाड्यात नाहीतर वेशीबाहेर. साथ आली की तिचा गाडा शिवेपार न्यायचा तो महारांनी. तिच्या नावाने अंगावर आसूड ओढणारा पोतराज महार-मांगांतला. गावाचे मरण अंगावर घेणे हाच आपला 'मान' ठरला! पेशव्यांनी १७४९ साली बांधलेल्या पर्वतीवरच्या देवळात मात्र ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रहासाठी गेलेल्या अस्पृश्यांना दगड खावे लागले. पुढे दार उघडले ते १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याने. आईच्या मायेने नव्हे.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत बाबासाहेबांनी पोतराज, जोगतिणी, देवदासी यांना हे लाजिरवाणे जिणे सोडायला सांगितले. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना नाकारली गेली. इकडे विज्ञानाने देवीचा कोपही संपवला. ज्या रोगाला आपण 'देवी'च म्हणत होतो, तो लसीने हटला; १९८० साली त्याच्या जागतिक निर्मूलनाची घोषणा झाली.

पण उपासना सोडणे म्हणजे इतिहास सोडणे नव्हे. खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. जिथे शेते होती तिथे आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गावे अशी बदलत असताना विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे : आपल्या गावचा गाडा कोण ओढत होते, मानकरी कोण होते, मोबदला काय मिळत होता? ही उत्तरे आपण लिहिली नाहीत, तर त्या दगडांवर उद्या देऊळ उठेल, पुराण रचले जाईल. आणि त्यात आपल्या आजी-आजोबांचे नाव नसेल.