दोन अग्रलेख, तीन आरोप

लोकमान्यांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याविषयी वर्गात बोलताना आम्ही बहुधा त्यांनी स्वतः केलेल्या प्रदीर्घ बचावापाशी रेंगाळतो. आरोपांच्या मांडणीकडे आमचे लक्ष जात नाही. शिक्षेचे गणित मात्र तेथेच मांडले गेले होते.

‘केसरी’तील १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन अग्रलेख सरकारने निवडले. पहिल्यावर कलम १२४-अ लागले; दुसऱ्यावर १२४-अ आणि शिवाय १५३-अ. अशा रीतीने दोन लेखांचे तीन गुन्हे झाले. ते एकत्र चालवण्यास टिळकांनी हरकत घेतली, ती न्या. दावर यांनी मानली नाही. २२ जुलैला ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपासाठी तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगायचे. तिसऱ्या आरोपासाठी हजार रुपये दंड.

आम्हां साहित्याच्या माणसांना खटकते ते पुढचे. लेखकाचा हेतू सिद्ध करण्यासाठी सरकारपक्षाने ‘दुहेरी इशारा’, ‘बाँबगोळ्याचे रहस्य’ हे मधल्या आठवड्यांतील लेखही पुराव्यात ठेवले. म्हणजे हेतू शोधताना ही सारी एकच लेखमाला, आणि शिक्षा मोजताना प्रत्येक अंक निराळा! संहितेची एकात्मता सरकारला सोयीपुरतीच मान्य होती.

तथापि एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. १२४-अ खाली एकाच आरोपावर जन्मठेपेचे काळे पाणीही देता आले असते. तेव्हा सहा वर्षांसाठी आरोपांची फोड अपरिहार्य नव्हती. पण ‘तीन वर्षे’ हा आकडा कानाला सौम्य लागतो. या सौम्यतेबद्दल आपल्यालाच दोष दिला जाईल, अशी धास्ती दावर यांनी निकालात व्यक्त केली होती. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी खटपट केली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एकाच गुन्ह्यासाठी कोणावरही दुसऱ्यांदा खटला व शिक्षा नको, हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) मध्ये १९५० साली आले. तरी टिळकांना त्याचा आधार मिळाला नसता. खटला एकच होता, आणि दोन तारखांना छापलेले दोन लेख कायद्याच्या लेखी दोन कृत्ये ठरली होती. आरोपांच्या एकत्रीकरणावरील आक्षेप प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागतानाही निघाला. उच्च न्यायालयाने ती नाकारली. पुढे काळ्या पाण्याऐवजी साधी कैद झाली, वर्षे तेवढीच राहिली. मंडालेहून टिळक पुण्यास परतले ते जून १९१४ मध्ये.