काडेपेटीवरचा एक शब्द

काडेपेटीवर चित्र जहाजाचे असो, घोड्याचे असो की किल्लीचे, जवळपास कुठेतरी बारीक अक्षरांत 'सेफ्टी मॅचेस' असे छापलेले असते. आमच्या घरी तिला माचिस म्हणत, शेजारी काडेपेटी म्हणत, कोकणातले पाहुणे आगपेटी. 'सेफ्टी' हा शब्द मात्र कुणाच्या तोंडी नसे. काडीने बोट भाजते, गवताची गंजी जळते, मग ही सुरक्षित कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दीड-दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि ते फारसे सुखाचे नाही.

काडी येण्यापूर्वी विस्तव जपावा लागे. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे फुंकर घालून जागे करायचे, विझलेच तर शेजारणीकडे विस्तव मागायला जायचे. चकमक होती, पण पावसाळ्यात कापूस सादळला की तिचाही भरवसा नसे. १८२७ साली इंग्लंडमधल्या स्टॉक्टन गावी जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पुढे १८३० नंतर काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला आणि काडी कुठेही पेटू लागली. भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर घासा, पेटलीच. लोकांना ते फार सोयीचे वाटले. सोय एवढी की कधी कधी ती खिशातही पेटे.

पण आग हा या काडीचा धाकटा दोष होता. पांढरा फॉस्फरस जहाल विष आहे. काड्या चोखून मुले दगावली, जिवावर उदार झालेल्यांनी त्यांचे गूल पाण्यात कालवून प्यायले. आणि ज्यांच्या हातून या काड्या तयार होत, त्यांचे हाल तर वेगळेच. गरम लगद्यात काड्या बुडवताना फॉस्फरसची वाफ उठे. किडलेल्या दाताच्या वाटेने ती जबड्याच्या हाडापर्यंत पोचे. आधी दातदुखी, मग सूज, मग हाड सडून पू वाहू लागे. दुर्गंधी अशी की घरचे माणूसही शेजारी बसेना. उपाय एकच, जबडा कापून काढणे. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८४५ सालीच या आजाराची नोंद केली होती. म्हणजे कुणाला ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही.

उपायही लवकरच सापडला. स्वीडनमध्ये गुस्ताफ पाश यांनी १८४४ साली वेगळ्या प्रकारच्या काडीचे पेटंट घेतले आणि योनशोपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५५च्या सुमारास ती बाजारात आणली. युक्ती साधी होती. धोक्याचे दोन वाटे केले. पेट घ्यायला मदत करणारे पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक काडीच्या टोकाला, आणि फॉस्फरस पेटीच्या कडेला. तोही पांढरा नव्हे, तर तांबडा, जो विषारी नाही आणि आपणहून पेटत नाही. काडी कडेवर घासली की कणभर तांबड्या फॉस्फरसचे रूप बदलते, ठिणगी उडते आणि काडी पेटते. एरवी दोघे शेजारी राहूनही शांत. आज आपण पेटीच्या ज्या खरखरीत तपकिरी पट्टीवर काडी ओढतो, ती पट्टी म्हणजेच 'सेफ्टी'.

मग १८५५ नंतर जबडे सडणे थांबले असेल? नाही. पुढची पन्नास वर्षे ते चालूच राहिले, कारण पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त होती आणि कुठेही पेटत होती. या पन्नास वर्षांचा हिशेब विज्ञानाच्या पुस्तकात सापडत नाही, तो बाजारात शोधावा लागतो.

लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे यांचा मोठा कारखाना होता. कामाला बहुतेक बायका आणि पोरी. जून १८८८मध्ये एका बाईंनी 'द लिंक' या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख लिहिला. सोळा वर्षांच्या मुलीची आठवड्याची कमाई चार शिलिंग. पाय मळलेले दिसले तर तीन पेन्स दंड, बोलताना सापडली तरी तीन पेन्स दंड. लेखातला मजकूर खोटा आहे, अशा कागदावर सह्या करा म्हणून मुलींवर दबाव आला. त्यांनी नकार दिला, आणि जुलैमध्ये सुमारे १,४०० जणी काम सोडून बाहेर पडल्या. दोन आठवड्यांत मालक नमले. मान्य झालेल्या गोष्टींत एक अगदी साधी होती : जेवायला वेगळी खोली. तोवर त्या कामाच्याच ठिकाणी भाकरतुकडा मोडत आणि त्याबरोबर फॉस्फरसही पोटात जात असे.

लेख लिहिणाऱ्या त्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. त्याच पुढे १८९३ साली भारतात आल्या. १९१६ साली लोकमान्यांनी होमरूल लीग काढली, त्याच वर्षी त्यांनीही आपली काढली, आणि १९१७च्या कलकत्ता काँग्रेसच्या त्या अध्यक्ष झाल्या. शाळेत आम्हाला होमरूलवाल्या बेझंटबाई शिकवल्या. काड्यांवाल्या बेझंटबाईंचे कुणी नावही काढले नाही.

संप जिंकला, तरी फॉस्फरस गेला नाही. १८९१ साली साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्येच तांबड्या फॉस्फरसचा कारखाना काढला, मजुरीही जास्त दिली. पण पेटी महाग पडली आणि गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. पेनीभर वाचवणारी ही गिऱ्हाइके कुणी राक्षस नव्हती, तुमच्या-आमच्यासारखीच होती. १८९८ साली जबड्याच्या आजाराची १७ प्रकरणे लपवल्याबद्दल ब्रायंट अँड मेला दंड झाला, तो पंचवीस पौंडांहून जरासा जास्त. १९०१मध्ये त्यांनी पांढरा फॉस्फरस सोडला. फिनलंडने १८७२ साली आणि डेन्मार्कने १८७४ साली घातलेली बंदी १९०६च्या बर्न करारानंतर इतर देशांत पसरली. आपल्याकडचा कायदा १९१३चा.

कवी मंडळींनी शमा आणि परवान्यावर दिवाणच्या दिवाण लिहिले. मीही त्याच जातीचा. पण ज्योतीची काडी कुणी बुडवली, ही चौकशी माझ्या वाचनातल्या शायरीत क्वचितच आढळली.

इथे सुरुवातीला काड्या स्वीडन आणि जपानहून येत. १९२३ साली विमको कंपनी निघाली. अंबरनाथमध्ये तिच्या नावाचा नाका आहे. शिवकाशीचा उद्योगही त्याच सुमारास सुरू झाला. तिथे विष नव्हते, पण काड्या भरणारे हात लहान मुलांचे होते. १९८६च्या कायद्याने आणि १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते हात हळूहळू बाजूला केले. पेटी १ रुपयाची २ रुपये झाली ती डिसेंबर २०२१मध्ये, चौदा वर्षांनी.

आणि पांढरा फॉस्फरस? तो उजेडात राहिला की पिवळा पडतो, आणि पिवळा फॉस्फरस म्हणूनच ओळखला जातो. काडेपेटीतून हाकललेले हे विष दुसऱ्या दाराने घरात आले, उंदीर मारायच्या पेस्टमधून. टूथपेस्टसारखी ट्यूब, तीत सुमारे तीन टक्के पिवळा फॉस्फरस. तमिळनाडूत २०२२पासून तिच्या विक्रीवर बंदीची पावले उचलली गेली. भाकरीच्या किंवा टोमॅटोच्या तुकड्याला लावून ती रात्री कोपऱ्यात ठेवतात, आणि सकाळी रांगते मूल त्या कोपऱ्यात पोचते.

या विषाला उतारा नाही. त्याची फसवी चाल घरच्यांनी ओळखायला हवी : आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस रुग्ण अगदी बरा दिसतो, खातो, हसतो. सगळे निर्धास्त होतात. यकृत निकामी होऊ लागते ते त्यानंतर. म्हणून मूल खेळताना दिसत असले, तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि ट्यूब सोबत न्यावी, म्हणजे पोटात काय गेले ते डॉक्टरांना लगेच कळेल.