मातीच्या घरासमोरचा फोटो

अमेरिकेच्या पश्चिम भागाची जुनी चित्रं म्हटली की उधळलेला घोडा, त्यावर टोपीवाला गडी आणि मागे धुळीचा लोट. फ्रेडरिक रेमिंग्टन या चित्रकाराने अशी पुष्कळ चित्रं काढली. त्यांत बाई शोधावीच लागते. पाणी कुणी भरलं, चूल कुणी पेटवली, काही कळत नाही.

ते कळतं सॉलोमन बुचरच्या फोटोंतून. १८८६ पासून तो नेब्रास्का राज्याच्या कस्टर काउंटीत घोडागाडी घेऊन वस्तीवस्तीवर हिंडला. त्याचे सुमारे ३,००० फोटो आहेत. तिकडे झाडं कमी. लोक गवताच्या मुळांसकट मातीचे थर नांगराने कापायचे, विटांसारखे रचायचे आणि त्यात राहायचे. बुचर सगळ्यांना दाराबाहेर उभं करी, गुराढोरांसकट! हिल्टनबाईंनी मात्र घराचा फोटो काढू दिला नाही. माहेरच्या मुलखातल्या ओळखीच्यांना मातीचं घर दिसू नये म्हणून त्यांनी घरातला बाजाचा पेटारा बाहेर ओढून आणवला आणि त्याच्याभोवती कुटुंब उभं केलं. लाज कुणाला चुकली आहे?

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, बरं का. पॉनी आणि लकोटा या मूळ लोकांचा तो शिकारीचा मुलूख. पॉनींना १८७० नंतरच्या काही वर्षांत तिथून हलवलं गेलं. काउंटीला नावही मूळ लोकांशी लढताना मेलेल्या सेनापतीचं! फोटोत यातलं काही दिसत नाही.

सरकारने १८६२ च्या कायद्याने १६० एकर द्यायचं ठरवलं. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी किंवा विधवा स्वतःच्या नावावर जमीन मागू शके. नवरा असलेलीला सहसा तो हक्क नव्हता.

बुचरच्या १८८६ च्या एका फोटोत क्रिसमन घरच्या चार बहिणी मातीच्या घरासमोर ओळीने उभ्या आहेत, शेजारी घोडे. पुढे तिघींनी आपापल्या नावावर जमीन मागितली. एकटीने माळावर राहायला नको म्हणून त्या आळीपाळीने एकमेकींच्या घरी मुक्काम करत. धाकटी रूथ वयात आली तेव्हा तिथे वाटायला जमीन उरली नव्हती.