मार्गदर्शन आणि पाठबळ: नोकरीतल्या स्त्रीच्या बढतीचा विचार

नोकरीतल्या स्त्रियांना पुढे आणायचे म्हटले की बहुतेक कचेऱ्यांत पहिली योजना निघते ती मार्गदर्शनाची. एखाद्या वरिष्ठ मॅडमकडे चार कनिष्ठ मुली सोपवायच्या, महिन्यातून एकदा भेट घडवायची. मग आत्मविश्वास, वेळेचे नियोजन, घर आणि काम यांचा मेळ यांवर बोलणे होते. योजना वाईट नाही. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत आहे: उणीव त्या मुलीत आहे आणि ती भरून निघाली की बढती आपसूक येईल. हे गृहीत तपासायला हवे.

मार्गदर्शक तिच्याशी बोलतो. पाठीराखा तिच्याविषयी इतरांशी बोलतो, आणि तेही ती समोर नसताना. बढत्यांच्या बैठकीत एखादे नाव निघते. कुणीतरी म्हणते, “कामाला चोख आहे हो, पण मूल लहान आहे, नागपूरला जाईल का?” यावर बहुतेक जण मान डोलावतात आणि यादी पुढे सरकते. त्या क्षणी “तिला विचारलंय का कुणी?” एवढेच म्हणणारा माणूस खोलीत असला तर यादी थांबते. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. हा प्रश्न विचारणारा स्वतःचे वजन खर्च करतो, म्हणून तो दुर्मीळ. इबारा, कार्टर आणि सिल्वा या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलेले निष्कर्ष याच दिशेचे आहेत. स्त्रियांना मार्गदर्शकांची वानवा नव्हती. पुरुषांचे मार्गदर्शक मात्र अधिक वरच्या पदांवर होते आणि बढत्याही पुरुषांनाच जास्त मिळाल्या.

आपल्याकडचे उदाहरण जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे. लेखिका दुर्गा भागवतांची ही बहीण मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अव्वल आली आणि 1933 मध्ये तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या, तेव्हा मिळाला तो अटींवरचा प्रवेश: वर्षभर परीक्षाधीन, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींना उघडले. ही गोष्ट सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथले त्यांचे गुरू एम. श्रीनिवासय्या यांनी त्यांना खरे संशोधन करायला दिले. पुढे केंब्रिजमध्ये डेरेक रिख्टर यांनी प्रयोगशाळेत कामासाठी टेबल दिले. काम, जागा आणि ज्याच्यावर नाव लागेल असा प्रश्न या तीन वस्तू मिळाल्यावर 1939 पर्यंत त्यांची पीएच.डी. झाली. त्यांना धीर देणारे शब्दही मिळाले असतील, पण शब्दांवर प्रयोग होत नाहीत. आणि इतके होऊनही मुंबईच्या विज्ञान संस्थेत संचालकपद त्यांच्याकडे उशिराच आले. एका दाराशी लढून मिळालेला विजय पुढच्या दाराशी चालत नाही.

मग मार्गदर्शन निरुपयोगी आहे का? नाही. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या समितीने तरुण स्त्री प्राध्यापकांसाठी 2004 पासून एक उपक्रम चालवला. अर्ज जागांपेक्षा जास्त, म्हणून निवड सोडतीने. त्यामुळे परिणाम चोख मोजता आला. 2010 च्या अहवालात निवड झालेल्यांचे प्रसिद्ध लेख आणि संशोधन अनुदाने न निवडलेल्यांपेक्षा अधिक भरली. तिथे दोन दिवस झाले काय? लहान गटात, त्याच विषयातल्या ज्येष्ठ बाईने प्रत्येकीचा कच्चा लेख वाचून त्याची चिरफाड केली. मार्गदर्शन फळते ते असे कामाला भिडले तर.

याच्या उलट बाजूला एक काम असे असते, जे केल्याने कुणाचीही बढती होत नाही: बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, निरोपसमारंभाची वर्गणी गोळा करणे, नव्या पोराला फायली दाखवणे. बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या प्रयोगात तिघांच्या गटात असे एक नकोसे काम कुणीतरी उचलायचे होते. मिश्र गटांत स्त्रियांनी ते जास्त वेळा उचलले. नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुषही तितक्याच सहज पुढे आले. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही, बाई समोर असली की ती करेल या अपेक्षेचा आहे. “नाही म्हणायला शीक” हा सल्ला इथे अपुरा पडतो, कारण नाही म्हणणारी बाई आखडू ठरते. साहेबाने या कामांच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीला लावला की प्रश्न मिटतो.

पाठबळाचीही मर्यादा आहे: ते माणसावर अवलंबून असते. चांगले साहेब बदलून गेले की बाई पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून जबाबदारी यंत्रणेत बांधावी लागते. कॅलेव, डॉबिन आणि केली यांनी 2006 मध्ये 708 अमेरिकी खासगी आस्थापनांचा तीन दशकांचा तपशील तपासला. पूर्वग्रह घालवण्याची प्रशिक्षणे सर्वांत निष्प्रभ ठरली, मार्गदर्शनाचा परिणाम माफक होता, आणि ठरावीक व्यक्तीवर किंवा समितीवर जबाबदारी टाकली तिथे फरक सर्वांत जास्त पडला. शिवाय तिथे बाकीचे उपायही अधिक लागू पडले.

आपला 2017 चा मातृत्व लाभ दुरुस्ती कायदा या निकषावर तपासावा. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. रजेच्या पगाराचा भार मात्र मालकावरच राहिला, त्यामुळे नेमणुकीच्या वेळीच मुलीकडे बोट दाखवायला कारण मिळाले. आणि रजेवरून परतलेल्या बाईचे ग्राहक, खाती, अर्धवट प्रकल्प दुसऱ्याच्या टेबलावर गेलेले असतात. ते परत कोण देणार, हे कायद्यात नाही. रजेवर जाण्यापूर्वी लेखी हस्तांतर, त्यात परतण्याची तारीख आणि परत मिळायच्या कामांची यादी, खाली वरिष्ठाची सही: खर्च शून्य, फरक मोठा. मार्गदर्शक नेमलाच आहे तर त्याचे पहिले काम हे असावे.

हे सगळे अर्थात जिथे शिडी आहे तिथले. महाराष्ट्रातल्या आशा सेविकांच्या वर पायरी आहे ती गटप्रवर्तकाची, आणि त्या दोघींनाही कायम सेवेची हमी नाही. आशांच्या मोबदल्याचा काही भाग तर केलेल्या कामागणिक ठरतो. अशा ठिकाणी उत्साही मार्गदर्शक पाठवण्याआधी बढतीचे नियम आणि वेतनश्रेणी ठरवावी लागेल.