चैत्रातील परसबाग : पाणी आणि पाहुणी झाडे

महाराष्ट्र आणि गोव्यात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने विहिरींचे पाणी खालावण्याचेही असतात. रानातला पळस या दिवसांत खोल मुळांच्या बळावर फुलतो. परसातील उथळ मुळांच्या भाज्यांना मात्र घातलेल्या पाण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे परसबागेचा, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत केलेल्या फुला-भाज्यांच्या लागवडीचा, इतिहास बऱ्याच अंशी पाण्याच्या काटकसरीचा इतिहास ठरतो.

कोकणात विहिरीवर रहाट, म्हणजे पाण्याच्या गाडग्यांची माळ फिरवणारे लाकडी चाक, बसवलेला असे आणि त्याचे पाणी पाटाने, म्हणजे उथळ चराने, झाडांच्या आळ्यांपर्यंत नेले जाई. जेथे रहाट नव्हता तेथे न्हाणीच्या सांडपाण्यावरच बाग जगे. म्हणून सतत ओल मानवणारी केळ आणि अळू न्हाणीच्या मोरीलगत असत, तर माघ-फाल्गुनात टोकलेल्या दुधी-काकडीचे वेल चैत्राच्या सुमारास मांडवावर चढलेले दिसत. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर धरत असल्याने त्याला थंडीत पाण्याचा ताण देऊन छाटत, नंतर शेणखत घालून पाणी सुरू करत, आणि ही फूट उन्हाळ्याच्या तोंडी कळ्यांनी भरून जाई.

या बागेतील सगळीच झाडे मात्र जुनी नाहीत. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या सागरी व्यापारातून अमेरिका खंडातील अनेक वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर पोचल्या. मिरची, पपई आणि पेरू परसात रुजले. एवढेच नव्हे, तर देवपूजेत सर्रास वापरला जाणारा पांढरा चाफा, झेंडू, गुलबक्षी आणि निशिगंध यांचे मूळही त्याच खंडात आहे. थंडीत पाने गाळून वसंतात उघड्या फांद्यांवर फुलणारा चाफा आज इतका घरचा वाटतो, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळ गणेशखिंडीची वनस्पती बाग उभी राहिली, तेथील अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर पुस्तक लिहिले, आणि कोबी, फुलकोबी, टोमॅटो यांसारख्या भाज्या शहराभोवतीच्या मळ्यांत व बंगल्यांच्या आवारांत स्थिरावत गेल्या. या भाज्यांचा मुख्य हंगाम थंडीचा असल्याने त्या निघाल्यावर रिकाम्या झालेल्या वाफ्यांत चैत्रासाठी भेंडी, गवार आणि माठ घेता येई.

परसबागेची परंपरा, असे पाहता, झाडांच्या देशीपणात नसून त्यांना सामावून घेणाऱ्या व्यवस्थेत आहे: वापरलेले पाणी पुन्हा वापरणे, ऋतू पाहून वाफा पालटणे आणि आलेल्या झाडाला त्याच्या गरजेप्रमाणे जागा देणे. नळ आल्यावर आणि न्हाणीचे पाणी बंद गटारात जाऊ लागल्यावर यातील पहिला दुवा तुटला, आणि वसंतातील परस ओस पडण्यास परसाच्या जागेवर झालेल्या बांधकामाइतकेच हेही एक कारण ठरले.