भारतातील व्यावसायिक विद्युत वाहनांसाठीचे अर्थसाहाय्य

भारतातील व्यावसायिक विद्युत वाहनांसाठीचे अर्थसाहाय्य म्हणजे प्रवासी वाहतूक, मालवाहतूक, घरपोच वस्तूवितरण आदी व्यवसायांना डिझेल, पेट्रोल किंवा सीएनजीवरील वाहनांऐवजी विद्युत वाहने वापरता यावीत, यासाठी केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि वित्तसंस्था यांच्याकडून मिळणारी आर्थिक मदत होय. खरेदीवरील अनुदान, करसवलत, कर्ज व व्याजसवलत, आणि सेवेच्या मोबदल्याची हमी हे या मदतीचे चार मुख्य प्रकार आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या फेम योजनेपासून या मदतीचा मुख्य भर खरेदी-अनुदानावर राहिला. पुढे अनुदानाचे दर कमी होत गेले आणि कर्जाची उपलब्धता व देयकांची हमी या प्रश्नांना अधिक महत्त्व आले.

पार्श्वभूमी

विद्युत वाहनाचा चालवण्याचा खर्च कमी असतो, परंतु खरेदीची किंमत तुलनेने जास्त असते. त्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये तो सुमारे ३० ते ४० टक्के असल्याचे नमूद केले होते. त्यामुळे वाहन जितके अधिक धावेल, तितक्या लवकर इंधनातील बचतीतून खरेदीचा जादा खर्च भरून निघतो. घरगुती मोटार दिवसाचा बराच काळ उभी असते; उलट रिक्षा, टेम्पो, टॅक्सी व बस दिवसभर धावतात. याच कारणाने व्यावसायिक वाहनांना दिलेल्या मदतीतून इंधनाची बचत आणि प्रदूषणातील घट अधिक प्रमाणात साधते, असा विचार या योजनांमागे दिसतो.

व्यावसायिकासमोर मात्र खरेदीच्या किमतीखेरीज इतरही प्रश्न असतात. कर्ज मिळेल का, त्याचा हप्ता दैनंदिन उत्पन्नातून निघेल का, चार्जिंगमध्ये कामाचा किती वेळ जाईल आणि काही वर्षांनी वाहन विकल्यास काय किंमत येईल, यांवर त्याचा निर्णय अवलंबून असतो.

खरेदी-अनुदान

फेम योजना

राष्ट्रीय विद्युत गतिशीलता अभियान आराखडा २०२० या धोरणांतर्गत १ एप्रिल २०१५ रोजी फेम योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. तो ३१ मार्च २०१९ पर्यंत चालला. या टप्प्यात हायब्रिड वाहनांनाही साहाय्य मिळत असे.

१ एप्रिल २०१९ पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्यासाठी प्रारंभी १०,००० कोटी रुपयांची तरतूद होती. ती पुढे ११,५०० कोटी रुपये करण्यात आली आणि मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत वाढवण्यात आली. या टप्प्यात तीनचाकी व चारचाकी वाहनांचे अनुदान सार्वजनिक वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या किंवा व्यावसायिक नोंदणी असलेल्या वाहनांपुरते ठेवण्यात आले, तर दुचाकींच्या बाबतीत खासगी खरेदीदारही पात्र होते. अनुदान बॅटरीच्या क्षमतेनुसार ठरत असे. बस वगळता इतर वाहनांसाठी ते सुरुवातीस दर किलोवॅट-तासास १०,००० रुपये आणि बससाठी २०,००० रुपये होते. वाहनाच्या किमतीच्या ठरावीक टक्केवारीपेक्षा अधिक अनुदान मिळत नसे.

जून २०२१ मध्ये दुचाकींसाठीचा दर १५,००० रुपये व कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्के करण्यात आली. जून २०२३ मध्ये हा दर पुन्हा १०,००० रुपयांवर आणि मर्यादा १५ टक्क्यांवर आणण्यात आली.

दुसऱ्या टप्प्यात एकूण सुमारे १६.१५ लाख वाहनांना साहाय्य मिळाले. त्यांपैकी सुमारे १४.२७ लाख दुचाकी, १.५९ लाख तीनचाकी, २२ हजारांहून अधिक चारचाकी आणि पाच हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. मूळ उद्दिष्टे १० लाख दुचाकी, ५ लाख तीनचाकी, ५५,००० चारचाकी मोटारी आणि ७,०९० बस अशी होती. म्हणजे खासगी ग्राहकांनाही खुल्या असलेल्या दुचाकींच्या गटात मूळ उद्दिष्ट ओलांडले गेले, तर प्रामुख्याने व्यवसायासाठी राखलेल्या गटांत ते गाठता आले नाही.

पीएम ई-ड्राइव्ह योजना

फेमनंतर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात विद्युत गतिशीलता प्रोत्साहन योजना ही अल्पमुदतीची योजना राबवण्यात आली. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपये तरतुदीची पीएम ई-ड्राइव्ह योजना लागू झाली. त्यांपैकी ३,६७९ कोटी रुपये दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका व ट्रक यांसाठी, ४,३९१ कोटी रुपये १४,०२८ विद्युत बससाठी आणि २,००० कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी ठेवण्यात आले. खरेदीदाराला आधार-प्रमाणित ई-व्हाउचर देण्याची पद्धतही या योजनेत आली.

दुचाकी व तीनचाकींसाठी पहिल्या वर्षी दर किलोवॅट-तासास ५,००० रुपये आणि दुसऱ्या वर्षी २,५०० रुपये असा उतरता दर ठरवण्यात आला. उदाहरणार्थ, १० किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी असलेल्या मालवाहू तीनचाकीसाठी या दरांनी पहिल्या वर्षी ५०,००० रुपये, तर दुसऱ्या वर्षी २५,००० रुपये अनुदान होते.

या योजनेद्वारे ट्रकसाठी केंद्र सरकारचे थेट अनुदान प्रथमच उपलब्ध झाले. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार ३.५ टनांहून अधिक व ५५ टनांपर्यंत एकूण वजनाचे ट्रक पात्र ठरतात. एका ट्रकमागे कमाल ९.६ लाख रुपये मिळू शकतात आणि सुमारे ५,६०० ट्रकना मदत देण्याचे उद्दिष्ट आहे. अनुदानासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. उत्पादकाने बॅटरीची पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, हमी देणे बंधनकारक आहे. मालकाला दीर्घकाळ भेडसावणारी बॅटरी बदलण्याच्या खर्चाची चिंता या अटीमुळे काही अंशी कमी होते.

करसवलती

१ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के आणि चार्जरवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी विद्युत बस भाड्याने घेतल्यास त्या भाड्यावर करमाफी देण्यात आली. इंधनावरील मालवाहू व तीनचाकी वाहनांवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यामुळे विद्युत वाहनांना मिळणारा कराचा तुलनात्मक लाभ कमी झाला.

या लाभाचे खरे मूल्य व्यवसायागणिक बदलते. भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट घेऊ शकणाऱ्या नोंदणीकृत व्यवसायाला कराच्या कमी दराने मुख्यतः सुरुवातीची रोख रक्कम कमी लागते. ज्या लहान वाहनमालकाला अशी वजावट मिळत नाही, त्याच्यासाठी मात्र दरातील फरक ही प्रत्यक्ष बचत असते. वेगळ्या विकल्या जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीवर १८ टक्के कर असल्याने बॅटरी अदलाबदलीची सेवा देणाऱ्या व्यवसायांना वाहनाच्या कमी कराचा पूर्ण फायदा मिळत नाही.

आयकराच्या नियमांनुसार विद्युत वाहनांवर ४० टक्के दराने घसारा घेता येतो; सर्वसाधारण मोटारींसाठी हा दर १५ टक्के आणि भाड्याने चालवल्या जाणाऱ्या मोटारी, ट्रक व बससाठी ३० टक्के असतो. अधिक घसाऱ्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत करपात्र नफा कमी होतो. करपात्र नफाच नसलेल्या व्यावसायिकाला या तरतुदीचा तत्काळ उपयोग होत नाही. विद्युत वाहनाच्या कर्जावरील व्याजासाठी कलम ८० ईईबीखाली दिलेली दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट व्यक्तींपुरती होती आणि ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होती.

याशिवाय बॅटरीवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतून आणि २०२१ मध्ये नोंदणी शुल्कातून सूट देण्यात आली.

कर्ज आणि व्याजसवलत

अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम बहुतेक लहान व्यावसायिक कर्जानेच उभी करतात. नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालात विद्युत वाहनांच्या कर्जांपुढील अडचणी सांगितल्या आहेत : चढे व्याजदर, किमतीच्या तुलनेत कमी मंजूर होणारी रक्कम, परतफेडीची कमी मुदत आणि जुन्या विद्युत वाहनांच्या अविकसित बाजारामुळे पुनर्विक्रीच्या किमतीबाबतची अनिश्चितता. कर्ज थकल्यास जप्त केलेल्या वाहनाची किती किंमत येईल, याचा अंदाज नसल्याने वित्तसंस्था ती जोखीम व्याजात धरतात. २०२२ मध्ये नीती आयोगाने विद्युत वाहनांची कर्जे प्राधान्य क्षेत्रात घेण्याची शिफारस केली आणि त्यात व्यावसायिक वापराच्या वाहनांचे महत्त्व अधोरेखित केले.

व्याजदराचा परिणाम एका गणिताने स्पष्ट होतो. तीन लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांत समान मासिक हप्त्यांनी फेडायचे असल्यास १२ टक्के व्याजदराने हप्ता सुमारे ९,९६५ रुपये, तर २० टक्के दराने सुमारे ११,१५० रुपये येतो. तीन वर्षांतील हा फरक ४२ हजार रुपयांहून अधिक होतो. म्हणजे वर उल्लेखिलेले २५,००० रुपयांचे अनुदान केवळ चढ्या व्याजातच संपून जाते.

या प्रश्नावर काही उपाय योजण्यात आले आहेत. दिल्ली सरकारच्या ऑगस्ट २०२० मधील धोरणात विद्युत रिक्षा व मालवाहू वाहनांसाठी ३०,००० रुपये खरेदी-अनुदानाबरोबरच कर्जावर ५ टक्के व्याजसवलतीची तरतूद होती. भारतीय लघुउद्योग विकास बँकेने, म्हणजेच सिडबीने, २०२३ मध्ये विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र कर्जयोजना सुरू केल्या. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतूनही प्रवासी व मालवाहतुकीच्या लहान वाहनांसाठी कर्ज घेता येते. बॅटरीविना वाहनाची विक्री व नोंदणी करण्यास २०२० मध्ये मुभा मिळाल्याने वाहन विकत घेऊन बॅटरी भाड्याने वापरण्याचा पर्यायही खुला झाला.

मोबदल्याची हमी

बससेवेच्या क्षेत्रात साहाय्याचे स्वरूप वेगळे आहे. अनेक परिवहन उपक्रम विद्युत बस स्वतः विकत न घेता सकल खर्च कराराने चालवायला घेतात. त्यात खासगी कंपनी बस आणते, चालवते व तिची देखभाल करते; परिवहन उपक्रम तिला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देतो आणि तिकिटांचे उत्पन्न स्वतःकडे ठेवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० बससाठी असे साहाय्य ठेवले आहे. मोठ्या बससाठी किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यम बससाठी २२ रुपये आणि लहान बससाठी २० रुपये केंद्राकडून मिळतात.

या पद्धतीत परिवहन उपक्रमांकडून देयके थकण्याची भीती ही कंपन्यांची व त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांची मोठी अडचण ठरली. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५.३३ कोटी रुपयांची देयक सुरक्षा व्यवस्था मंजूर झाली. उपक्रमाने देयक थकवल्यास ते या निधीतून दिले जाते आणि नंतर संबंधित राज्याकडून वसूल केले जाते. ३८,००० हून अधिक बसना या व्यवस्थेचा लाभ देण्याचे उद्दिष्ट आहे.

महाराष्ट्र

महाराष्ट्राने २०१८ मध्ये पहिले विद्युत वाहन धोरण जाहीर केले. जुलै २०२१ मधील सुधारित धोरणात ९३० कोटी रुपयांची तरतूद होती. त्यात मालवाहू तीनचाकीस कमाल ३०,००० रुपये आणि हलक्या चारचाकी मालवाहू वाहनास कमाल एक लाख रुपये, असे साहाय्य ठरावीक संख्येच्या वाहनांसाठी ठेवले होते. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) आणि अमरावती या शहरांत सार्वजनिक वाहतूक व घरपोच वितरणाच्या वाहनांपैकी २५ टक्के वाहने २०२५ पर्यंत विद्युत करण्याचे उद्दिष्ट होते.

२०३० पर्यंतच्या नव्या धोरणास राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद असून वाहनाच्या प्रकारानुसार मूळ किमतीच्या १० ते १५ टक्के सवलत आहे. अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग येथे विद्युत मोटारी आणि बसना पथकरातून सूट देण्याचेही ठरले. अटल सेतूवर तिची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. मालवाहू विद्युत वाहने या पथकरमाफीत येत नाहीत.

पुणे महानगर परिवहन महामंडळाने २०१९ पासून विद्युत बस भाडेकराराने चालवायला घेतल्या. राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत बस १ जून २०२२ पासून पुणे–अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) मार्गावर धावू लागली.

मर्यादा

फेमच्या दुसऱ्या टप्प्यात सुटे भाग देशातच बनवण्याची अट पाळली न गेल्याचे चौकशीत आढळल्याने २०२३ मध्ये सात दुचाकी उत्पादकांकडून एकूण ४६९ कोटी रुपये परत मागण्यात आले. अनुदान प्रथम उत्पादक किमतीतून वजा करतो आणि नंतर ते सरकारकडून मिळवतो. त्यामुळे चौकशीच्या काळात प्रतिपूर्ती थांबल्याचा ताण उत्पादकांवर पडला. दर वारंवार बदलल्यामुळे खरेदी लवकर करावी की लांबणीवर टाकावी, हे ठरवणेही व्यावसायिकांना अवघड झाले.

साहाय्याचा लाभ सर्व व्यावसायिकांना सारखा मिळत नाही, ही या योजनांची मूलभूत मर्यादा मानली जाते. मोठ्या कंपनीला अनुदानाखेरीज घसारा, करवजावट, कमी व्याजाचे कर्ज आणि स्वतःच्या आवारात चार्जिंगची सोय हे सर्व एकत्र मिळू शकते. एकच रिक्षा वा टेम्पो असलेल्या चालक-मालकाला प्रामुख्याने अनुदानाचाच आधार असतो. अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत असताना व्याजसवलत व कर्जहमी त्या प्रमाणात वाढली नाही, तर विद्युत वाहनाकडे वळणे या वर्गासाठी अधिक कठीण होते.