विमानतळाच्या कामावर मशीन चालवणाऱ्यांचे आरोग्य: पाठ, कान आणि ऊन

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, सर्वांत जवळचा नांदेडचा. पण जेसीबी, पोकलेन, ग्रेडर किंवा रोलर शिकलेला ऑपरेटर कामामागे दूरवर जातो. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून ३७०० मीटरची धावपट्टी तयार झाली, ती अशाच मशीनवर. जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांसाठीही जमीन सपाटीकरणाचे काम याच प्रकारचे. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी असे काम करत असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

"ऑपरेटरला काय, बसूनच तर काम" असे लोक म्हणतात. ओझे उचलावे लागत नाही हे खरे. पण मशीनचे हादरे आणि आवाज शरीराचे नुकसान हळूहळू करतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. लक्षात येते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते, आणि कानाचे नुकसान भरून येत नाही.

पाठ आणि मणका

सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा बसणारे हादरे मणक्याला सर्वांत जास्त त्रास देतात. खडबडीत जागेवरून डोझर किंवा डंपर जातो तेव्हा सीटला बहुधा याच्या आसपासचे हादरे बसतात. त्यातून मणक्यांमधल्या गादीवर (चकतीवर) रोज थोडा-थोडा ताण येतो. मान वळवून मागे बघत मशीन चालवल्याने हा ताण वाढतो.

काय करावे:

- शिफ्ट सुरू करताना सीट आपल्या वजनानुसार लावा. आधीच्या ऑपरेटरचे वजन वेगळे असते.
- सीटचा स्प्रिंग किंवा शॉकअप बिघडला असेल तर लगेच सांगा. वर गोधडी किंवा स्पंज टाकून हादरे थांबत नाहीत.
- वेग कमी ठेवा. हादरे कमी करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे. येण्या-जाण्याचा रस्ता ग्रेडरने सपाट करून घ्यायला सुपरवायझरला सांगा.
- केबिनमधून उडी मारू नका. मशीनकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले ठेवून उतरा.
- दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. उतरल्या-उतरल्या जड वस्तू उचलू नका.

कान

८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत कानाला चालतो असे धरतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. मोजायचे यंत्र नसेल तर सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज धोक्याचा आहे.

चालू विमानतळावर मशीनच्या आवाजात विमानाच्या इंजिनाचा आवाज मिसळतो. जवळून तो १३० डेसिबलच्याही वर जातो. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि त्यावर औषध नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात: 'स', 'श', 'फ' ऐकू येत नाहीत, घरचे टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतात, रात्री कानात शिट्टी वाजते. कामावर याचा धोका वेगळा आहे. सिग्नल देणाऱ्या हेल्परची हाक किंवा मागे येणाऱ्या गाडीचा बीपर ऐकू आला नाही, तर जीव जाऊ शकतो.

- केबिन बंद करता येत असेल तर दारे-खिडक्या बंद ठेवा.
- कानात फोमचे प्लग नीट पिळून, कान वर ओढून, खोलवर बसवा. अर्धवट बसवलेला प्लग फारसा उपयोगी नाही.
- वॉकीटॉकीवर बोलावे लागत असेल तर रेडिओ जोडलेले कानावरचे मफ मागा. प्लग काढून मोबाईलचे हेडफोन लावणे हा उपाय नाही.

ऊन आणि पाणी

धावपट्टीवर सावली नसते. केबिनमध्ये एसी नसेल तर वरून ऊन आणि खालून इंजिनाची उष्णता लागते. उतरायला वेळ नाही, जवळ शौचालय नाही म्हणून अनेक ऑपरेटर पाणीच कमी पितात. यातून मुतखडा होतो, आणि मे महिन्यात उष्माघातही होऊ शकतो.

- तहान लागायची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्या. पण तासाला दीड लिटरच्या वर नको.
- घाम खूप आला तर ओआरएस घ्या. घरी करायचे तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा). मधुमेह किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- लग्नसराईची सुट्टी संपवून उन्हात परत आलात तर पहिल्या दिवशी निम्मेच काम करा आणि तीन-चार दिवसांत पूर्ण कामावर या. अगदी नव्या माणसाने पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम करावे आणि रोज तितकेच वाढवावे.

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, झटके किंवा बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम असो वा नसो, माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

धूळ, धूर आणि रात्रपाळी

मराठवाड्याच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका तुलनेने कमी असते, पण वाळू आणि काँक्रीटच्या धुळीत ती भरपूर असते. काँक्रीट कापताना पाण्याचा फवारा हवाच. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले आहे. मशीन उभे असताना इंजिन बंद करा.

चालू विमानतळाची दुरुस्ती बहुधा रात्री, उड्डाणे थांबल्यावर होते. दिवसा अंधाऱ्या खोलीत, मोबाईल बंद ठेवून सलग झोपा. झोप घालवायला तंबाखू नको. मशीनवर डुलकी आली तर मशीन थांबवून उतरा.

तपासणी आणि कागदपत्रे

कामावर रुजू होतानाच कानाची तपासणी (ऑडिओमेट्री) करून घ्या, आणि मग दरवर्षी करा. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. पहिला अहवाल जपून ठेवा. आवाजाने आलेला बहिरेपणा आणि सिलिकोसिस हे दोन्ही नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून धरले आहेत. आधीचा अहवाल नसेल तर कान कामामुळे गेला हे दाखवणे अवघड जाते.

बांधकाम कामगारांच्या कायद्यात बांधकामाच्या व्याख्येतच विमानतळाच्या मैदानाचे काम मोडते. तुमचे वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम झाले असेल, तर कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला साइट सोडण्यापूर्वीच घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- पाठदुखी दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, किंवा कळ पायात उतरते.
- शिफ्टनंतर कानात शिट्टी वाजते किंवा कान बधिर होतात.
- खोकला किंवा चढावर दम लागणे तीन आठवड्यांहून जास्त आहे.

लगेच, त्याच दिवशी: लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे. यात मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात. मालीश किंवा पाठ बसवून घेण्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.